संध्याकाळी पळस काळा का दिसतो?

फाल्गुनात परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला निघालात, तर वाटेत पळस फुललेला दिसतो. ऊन असेपर्यंत त्याचा केशरी रंग दुरूनही नजरेत भरतो. सूर्य मावळला की मात्र मौज होते. तीच फुले काळपट दिसू लागतात आणि शेजारच्या झाडांची हिरवी पाने त्यांच्यापेक्षा उजळ वाटतात. फुले तीच, पाहणारा डोळाही तोच. मग बदलले काय?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूस दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. समोरच्या वस्तूची उलटी प्रतिमा त्यावर पडते. हा प्रकाश टिपणाऱ्या पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. शंक्वाकार पेशी सुमारे ६० लाख असतात. त्या चांगल्या उजेडात काम करतात व रंग ओळखतात. दंडाकार पेशी सुमारे १२ कोटी. त्या अगदी मंद प्रकाशातही काम करतात. पण त्यांना रंग कळत नाहीत. तांबड्या प्रकाशाला त्या जवळजवळ दाद देत नाहीत, निळसर हिरव्या प्रकाशाला मात्र चटकन देतात. दिवेलागणीला पाहण्याचे काम शंक्वाकार पेशींकडून दंडाकार पेशींकडे जाते आणि पळस काळवंडतो! चेक शास्त्रज्ञ यान पुर्किंये याने १८२५ मध्ये हा बदल प्रसिद्ध केला. म्हणून याला ‘पुर्किंये परिणाम’ म्हणतात.

आता एक प्रयोग करा. रात्री दिव्याच्या खोलीतून एकदम अंगणात या. आधी काहीच दिसत नाही. बाहुली काही सेकंदांत मोठी होते. पण नजर पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो. दंडाकार पेशींत ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य असते. प्रखर उजेडात ते विघटित होते आणि अंधारात पुन्हा तयार होते. या क्रियेला ‘अंधार-अनुकूलन’ म्हणतात. नजर सरावली की एखादा अंधुक तारा शोधा. त्याच्याकडे थेट पाहिले तर तो नाहीसा होतो, किंचित बाजूला पाहिले की पुन्हा दिसतो. कारण थेट पाहताना प्रतिमा पीतबिंदूच्या मध्यावर पडते आणि तिथे दंडाकार पेशी नसतातच.

डोळ्याने प्रकाश टिपून मेंदूकडे संदेश पाठवणे म्हणजे ‘वेदन’. त्या संदेशाचा मेंदूने अर्थ लावणे म्हणजे ‘संवेदन’. मेळघाटात १९७३-७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. तिथे वाळक्या गवतात बसलेल्या वाघाकडून येणारा प्रकाश आपल्या डोळ्यात शिरतो, तरी वाघ दिसत नाही. पट्ट्यांमुळे त्याची बाह्यरेषा मोडते आणि मेंदूला आकृती पार्श्वभूमीतून वेगळी काढता येत नाही. वाघ हलला की सारे पट्टे एकदम हलतात आणि मेंदू त्यांची एक आकृती जुळवतो.

पण मुळात संदेशच आला नाही, तर मेंदू काय करणार? ऱ्होडॉप्सिन तयार व्हायला अ जीवनसत्त्व लागते. या क्रियेच्या संशोधनाबद्दल जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आहारात अ जीवनसत्त्व कमी पडले की प्रथम दंडाकार पेशींचे काम मंदावते. दिवसा नीट दिसते, संध्याकाळी मूल ठेचकाळू लागते. हाच रातांधळेपणा. दुर्लक्ष झाले तर पुढे पारपटल कोरडे पडते, त्यावर व्रण होतात आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांतील बालकांचे कुपोषण १९९० च्या दशकात राज्यभर गाजले. जिथे पोटच भरत नाही, तिथे डोळ्यांवरही संकट येते, हे विसरता कामा नये.

उपाय मात्र आवाक्यातला आहे. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, पिकलेला आंबा यांतील कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते. भाजीला थोडे तेल असले की ते अधिक चांगले शोषले जाते. दूध, अंडी, कलेजी यांत ते तयारच मिळते. १९७० पासून भारतात बालकांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत हे डोस तोंडावाटे देतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे धाकटे भावंड तिन्हीसांजेला खेळ सोडून भिंतीच्या आधाराने चालत असेल, तर त्याला भित्रा म्हणून चिडवू नका. आई-वडिलांना आणि गुरुजींना सांगा, त्याला आरोग्य केंद्रात घेऊन जा. वेळीच उपचार झाले, तर रातांधळेपणा बहुधा काही दिवसांतच जातो.