तळावरच्या शाळेतला एक आठवडा



हंगाम सुरू झाला की आपले सर्वांचे लक्ष तोडीच्या पाळीकडे, काट्याकडे आणि उताऱ्याकडे लागते. ते साहजिकच आहे. पण जी टोळी आपल्या बांधावर येते, तिच्याबरोबर पोरेबाळेही येतात. बीड, जालना, परभणीकडची ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात, परततात. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच दिवसांत येते. ही पोरे शिकतात तरी कशी, हे पाहावे म्हणून आम्ही कारखान्यालगतच्या प्राथमिक शाळेत सोमवारपासून शनिवारपर्यंत जाऊन बसलो. तळावरच्या पहिली ते चौथीच्या मुलांचा वर्ग तेथे एकाच खोलीत भरतो.

सोमवार तसा ओळखीतच गेला. काही मुले तांड्यावरची. त्यांच्या घरी आईला याडी म्हणतात, भाकरीला बाटी. बाईंनी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहिले, तेव्हा तोवर मान खाली घालून बसलेला एक पोरगा एकदम म्हणाला, “हे तर मला येतंय की!” दोन शब्दांनी त्याची भीड गेली.

खरी मजा गणिताची. उसाच्या तुऱ्याच्या काड्या मुलांनी स्वतःच गोळा करून आणल्या होत्या. दहा काड्या झाल्या की पाचटाने बांधायच्या. बाई दशक म्हणत होत्या, पोरे मोळी म्हणत होती. थोड्या वेळाने बाईही मोळी म्हणू लागल्या! तीन मोळ्या आणि चार सुट्या म्हणजे चौतीस, हे पहिलीच्या मुलांना सांगावे लागले नाही. मोळी बांधणे ती रोजच पाहतात.

बुधवारी तिसरी-चौथीच्या हातात काट्याच्या जुन्या पावत्या दिल्या. भरलेली गाडी 3 टन 240 किलो, रिकामी 860 किलो. निव्वळ ऊस किती? टनातून किलो वजा जाईनात, तेव्हा बाईंनी टनाचे किलो करून दाखवले. 3,240 मधून 860 गेले, राहिले 2,380. म्हणजे 2 टन 380 किलो. एका मुलीने उत्तर काढले आणि विचारले, “मग मुकादमाच्या वहीत पण हाच आकडा असतो का?” बाई म्हणाल्या, “असायला पाहिजे. घरी जाऊन बघ.” दुसऱ्या दिवशी ती बापाची खरी पावती पदरात बांधल्यासारखी मुठीत धरून आली. घरात ती वाचणारी तीच पहिली. (आपल्यापैकी किती जण पावतीवरचे रिकाम्या गाडीचे वजन पाहतात, हे आम्ही येथे विचारत नाही.)

गुरुवारी निम्मा वर्ग पेंगत होता. रात्री ट्रॅक्टर भरायला आला की कोपीत झोप कुणाला लागते? बाईंनी वाचन बाजूला ठेवून गोष्ट सांगितली. खिचडी झाल्यावर मुले जरा तरतरीत झाली.

शुक्रवारी ती पावतीवाली मुलगी आली नाही. टोळी लांबच्या फडावर होती, धाकटा भाऊ सांभाळायला तिला नेले होते. आई-बाप दोघे मिळून एक कोयता. त्यांनी तान्ह्याला ठेवावे कुठे? आई-बापांना नावे ठेवणे सोपे आहे, ते आम्ही करणार नाही. पण तो फड आपल्यापैकीच एका सभासदाचा होता. पोरगी दिवसभर बांधावर बसलेली तेथे साऱ्यांनी पाहिली असेल. “बाळाला आमच्या वस्तीवर झोपवा, म्हातारी बघेल, हिला शाळेत धाडा,” एवढे बोलायला खर्च येत नाही. एक-दोन सभासद हे करतात, आणि त्यांच्या फडावरची पोरे शाळेत दिसतात, असे बाईंनी सांगितले.

शनिवारी सकाळची शाळा. कवायत झाली, आणि टोळी सोमवारी दुसऱ्या गटात हलणार असल्याची बातमी आली. बाई लगेच शिक्षण हमी पत्रके भरायला बसल्या. मूल कोणत्या इयत्तेत आहे, त्याला काय येते, हे त्यावर लिहिलेले असते. ते दाखवले की नव्या गावच्या शाळेत बसता येते. दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. तरी कागद हातात असला की पालकांना धीर येतो.

आमची विनंती एवढीच. टोळी आपल्या गावी उतरली की पत्रके मुकादमाच्या पिशवीत राहू देऊ नका. स्लिपबॉय तोडीची नोंद घ्यायला येतो, त्याच वेळी पोरांची नावेही गावच्या गुरुजींना कळवा.

पावतीवाली मुलगी शनिवारी आली होती, कडेवर भाऊ घेऊन. पत्रक घेतल्यावर तिने विचारले, “तिथं पण हेच पुस्तक असंल ना? माझा धडा अर्धा राहिलाय.” बाईंनी पुस्तक तिच्याच हातात ठेवले.