'अस्थेनिक' म्हणजे नेमकं काय अशक्त?



पेपर वाचताना एखादा शब्द ओळखीचा वाटला की आपण त्याच्यावरून पुढे सरकतो, आणि नेमका तोच शब्द नंतर आपला घात करतो. माझ्या बाबतीत तो शब्द होता 'अस्थेनिक'. डिक्शनरीत अर्थ मिळाला 'अशक्त'. मी लगेच प्रश्नावलीत लिहून टाकलं, "गेल्या महिन्यात तुम्हाला अशक्तपणा वाटला का?" या एका ओळीमुळे माझं चार महिन्यांचं काम वाया गेलं. कसं ते पुढे सांगते, आधी शब्द समजून घेऊ.

ग्रीक भाषेत 'स्थेनोस' म्हणजे बळ. त्याच्यामागे नकाराचा 'अ' लागला की झालं अस्थेनिक. आपला 'अशक्त' हा शब्दही अगदी असाच बनलाय. म्हणजे शब्दाला शब्द म्हणून भाषांतर चुकीचं नाही. अडचण वेगळीच आहे. वैद्यकात हे विशेषण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या गोष्टीला लागतं.

थोडा इतिहास बघा. 1780 मध्ये स्कॉटिश डॉक्टर जॉन ब्राऊन यांनी सगळे आजार दोन गटांत टाकले: उत्तेजना जास्त झालेले ते स्थेनिक, कमी पडलेले ते अस्थेनिक. 1869 मध्ये अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड यांनी 'न्यूरास्थेनिया' म्हणजे मज्जासंस्थेचा थकवा ही कल्पना मांडली. 1921 मध्ये जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्रेश्मर यांनी सडपातळ, अरुंद बांध्याच्या माणसाला 'अस्थेनिक' म्हटलं. तेव्हा जुन्या पेपरमध्ये 'अस्थेनिक रुग्ण' दिसला तर तो थकलेला असेलच असं नाही, नुसता किडकिडीतही असू शकतो!

आज हा शब्द मुख्यतः तीन ठिकाणी भेटतो.

1. अस्थेनिया: अंगात त्राण नसणं. कॅन्सर, लांबलेला संसर्ग किंवा औषधांचे दुष्परिणाम यांत हा शब्द येतो. इथे रुग्ण काय सांगतो ते महत्त्वाचं.

2. मायस्थेनिया ग्रॅव्हिस: इथे स्नायूंची ताकद खरोखर कमी होते. मज्जातंतू आणि स्नायू जिथे जोडले जातात तिथल्या असिटिलकोलिनच्या रिसेप्टरवर बहुतेक रुग्णांत शरीराच्याच अँटिबॉडी हल्ला करतात. स्नायू वापरत गेलं की ताकद उतरते, विश्रांतीनंतर परत येते. म्हणून संध्याकाळपर्यंत पापण्या जड होऊन खाली येतात.

3. अस्थेनोझूस्पर्मिया: शुक्राणूंची हालचाल कमी असणं. तो पुरुष स्वतः पैलवान असला तरी रिपोर्टमध्ये हा शब्द येऊ शकतो, कारण विशेषण शुक्राणूंना लागलंय, माणसाला नाही.

आता शेजारचे शब्द. 'थकवा' हा अनुभव आहे, तो विचारावा लागतो. 'स्नायूंची दुर्बलता' मोजता येते. डॉक्टर तपासताना 0 ते 5 अशी श्रेणी देतात, आम्ही हाताच्या पकडीची ताकद डायनॅमोमीटरने किलोत मोजतो. सार्कोपेनियावरच्या आशियाई गटाने 2019 मध्ये दिलेली मर्यादा पुरुषांसाठी 28 किलोपेक्षा कमी आणि स्त्रियांसाठी 18 किलोपेक्षा कमी अशी आहे. 'फ्रेल' हा शब्द आणखी वेगळा. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांच्या 2001 च्या व्याख्येत पाच निकष आहेत: नकळत घटलेलं वजन, थकवा, कमकुवत पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. यातले तीन किंवा जास्त असतील तर व्यक्ती फ्रेल. म्हणजे थकवा आणि दुर्बलता हे इथे पाचातले फक्त दोन भाग आहेत.

आता माझी चूक. गावात एक आजी म्हणाल्या, "अशक्तपणा तर आहेच बाळा, नर्सबाईंनी रक्त कमी सांगितलंय." त्यांची पकड चांगली होती. एक काकू गुडघे दुखतात म्हणून 'हो' म्हणाल्या. आणि एक आजोबा ठणकावून म्हणाले, "छे, मला कसला अशक्तपणा!" पण हाताचा आधार घेतल्याशिवाय त्यांना खुर्चीतून उठता येईना. ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज होती, त्यांच्यापुढेच माझ्या तक्त्यात 'नाही' लिहिलेलं होतं.

गाइड मॅडमनी तक्ता बघून एवढंच विचारलं, "हा कॉलम नेमका काय मोजतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शंभरएक फॉर्ममधला तो कॉलम काढून टाकावा लागला.

आता मी वेगवेगळे प्रश्न विचारते. थकल्यासारखं वाटतं का, आणि विश्रांतीनंतर बरं वाटतं का? पाच किलोची पिशवी उचलताना त्रास होतो का? प्रयत्न न करता वजन घटलंय का? आणि पकड मात्र यंत्रानेच मोजते.

तुम्हीही सिनॉप्सिस लिहिताना असं विशेषण आलं की थांबा आणि तीन गोष्टी तपासा: नेमकं काय अशक्त आहे, ते सांगायचं आहे की मोजायचं, आणि मोजायचं तर कोणत्या एककात? उत्तरं आधी मेथडॉलॉजीत लिहा आणि मगच फॉर्म छापायला द्या. चार-पाच जणांना तो प्रश्न विचारून "तुम्हाला यातून काय समजलं?" हेही विचारून बघा. या कामाला एक दुपार लागते. मी ती दुपार वाचवली आणि चार महिने घालवले.