लेकराच्या हाती पहिला मोबाईल देताना

जूनमध्ये शाळा सुरू झाली की आमच्या यवतच्या वस्तीत घरोघरी दोन मागण्या येतात. एक दप्तराची, दुसरी मोबाईलची. दप्तर बाजारातून येते आणि विषय संपतो. मोबाईलसाठी मात्र रुसवेफुगवे होतात, जेवण सोडले जाते, आजीचा वशिला लावला जातो. माझ्याही घरी झाले. मुलगी आठवीत गेली. तिचे वडील कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीवर जातात, मी सकाळी आठलाच घराबाहेर पडते. "मम्मी, वर्गात सगळ्यांकडे आहे, माझ्याकडंच नाही," हे महिनाभर ऐकले.

सगळ्यांकडे आहे, हे काही खरे नाही. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांची माहिती आहे. शंभरातल्या ८२ मुलांना स्मार्टफोन चालवता येतो. पण ज्यांना तो चालवता येतो, त्या चौदा वर्षांच्या मुलांमध्ये स्वतःचा फोन असलेली शंभरात २७ च आहेत. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी फोन वापरलेली मुले ५७ टक्के, समाजमाध्यमासाठी वापरलेली ७६ टक्के. "अभ्यासासाठी पाहिजे" असे लेकरू म्हणेल तेव्हा हे दोन आकडे लक्षात असू द्या. लेकरू खोटे बोलत नसते, अर्धेच बोलत असते.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरात बसून एक गोष्ट ठरवावी. फोन कशासाठी हवा? शिकवणीवरून उशीर झाला तर आईला कळावे, घरी एकट्या असलेल्या लेकराला बाबांशी बोलता यावे, एवढेच काम असेल तर साधा बटणाचा फोन पुरतो. हजार-दीड हजारात येतो, चार्जिंग चार दिवस टिकते, पडला तरी फुटत नाही. घेताना दोन गोष्टी पाहा. जिओचे सिम टूजी फोनमध्ये चालत नाही, त्याला फोरजीच फोन लागतो. आणि बटणाचा फोन म्हणजे इंटरनेट नाही, असे धरून चालू नका. काही बटणाच्या फोनवर यूट्यूबही चालते. दुकानदाराला स्पष्ट विचारा.

स्मार्टफोनच घ्यायचा ठरला तर आपल्या घरांत तो बहुतेक वेळा जुनाच येतो. मामाचा, काकाचा, नाहीतर दुकानातला सेकंडहँड. त्यात लाज काही नाही, पण फसगत होते. आमच्या भावाने असाच एक फोन घेतला. घरी आणून रिसेट केला तर आधीच्या मालकाचे गुगल खाते मागू लागला. पैसे गेले, फोन फळीवर पडला. म्हणून दुकानातच समोर रिसेट करून, आपले खाते घालून पाहायचे, मगच पैसे मोजायचे. *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरे, मग मोकळी जागा आणि तो क्रमांक असा मेसेज १४४२२ ला पाठवला की फोनची माहिती येते. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तेही कळते. बिल मागा. चोरीचा फोन आपल्या पोराच्या खिशात सापडला तर काय होईल, हे मी वेगळे सांगायला नको.

आता सिम. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही, ते आईवडिलांच्याच नावावर घ्यावे लागते. इथे आपली एक चूक फार होते. घरातले जुने सिम लेकराला देऊन टाकतो आणि बँक, आधार, शिष्यवृत्ती सगळे त्याच नंबराला जोडलेले असते. मग ओटीपी लेकराच्या हातात. गेम खेळताना कुणी "ओटीपी सांग, बक्षीस देतो" म्हटले की लेकरू सांगून मोकळे. बँकेचा नंबर आईच्या किंवा बापाच्या फोनमध्येच राहू द्या. लेकराला वेगळे सिम घ्या. फोनपे, गुगलपे त्याच्या फोनमध्ये टाकूच नका.

खाते उघडताना मुले जन्मसाल खोटे टाकतात, आणि आपण कौतुकाने बघतो की पोराला सगळे येते. खरे साल टाकायला लावा. खरे वय असेल तर गुगलच्या फॅमिली लिंक या अॅपवरून आईच्या फोनमधून वेळ ठरवता येते, नवे अॅप घ्यायला आईची परवानगी लागते. इन्स्टाग्रामवर खऱ्या वयाचे खाते आपोआप खाजगी राहते आणि अनोळखी माणसाला मेसेज पाठवता येत नाही. व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम या दोन्हींची स्वतःची अट किमान तेरा वर्षांची आहे. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमावर खातेच ठेवता येणार नाही, असा कायदा लागू केला. हे सगळे स्वतःला जमत नसेल तर वस्तीतल्या कॉलेजच्या पोराला-पोरीला बोलवा, अर्ध्या तासाचे काम आहे.

आयाबाया मला सगळ्यात जास्त विचारतात ते किरणांचे. फोनच्या लहरींची मर्यादा आपल्याकडे सरकारने ठरवली आहे, किलोमागे १.६ वॉट. *#०७# दाबले की बऱ्याच फोनमध्ये त्याचा आकडा दिसतो. पण डोळ्यांसमोर दिसणारे नुकसान किरणांचे नाही, झोपेचे आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, त्याहून लहानाला नऊ ते बारा. रात्री बारापर्यंत रील बघणारे लेकरू सकाळी शाळेत पेंगते, चिडते, जेवत नाही. आपण समजतो अशक्तपणा आला आणि टॉनिक आणतो.

"झोपायच्या खोलीत फोन नको," असे डॉक्टर सांगतात. बरोबर आहे, पण आपल्याकडे खोली एकच. म्हणून आम्ही जागा ठरवली. साडेनऊ वाजता घरातले सगळे फोन भांड्यांच्या फळीवर, चार्जर तिथेच. उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन तापतो, ते वेगळे. डोळ्यांसाठी लेकरू रोज उजेडात, मोकळ्यावर खेळले पाहिजे. मोबाईल नसला तरी घरात कोंडलेल्या मुलाला लांबचे कमी दिसायचा धोका जास्त असतो. आणि इअरफोनचा आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू येत असेल तर तो जास्तच आहे.

सगळे फोन फळीवर, यात 'सगळे' हा शब्द महत्त्वाचा. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद होतात. पोरे अभ्यासाला बसतात, मोठी माणसे बोलत बसतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने ग्रामसभेत अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ खरी. तरी मला वडगाव जवळचे वाटते, कारण तिथे बापही फोन ठेवतो. आपल्या वस्तीत भोंग्याचीही गरज नाही, विहारात संध्याकाळची वंदना असते. वंदनेपासून जेवणापर्यंत फोन बंद, एवढे ठरवले तरी पोरांना तासभर मिळतो. आधी आपले पुरुष तयार झाले पाहिजेत, क्रिकेटचे दिवस सोडून तरी!

एक गोष्ट यवतकरांना वेगळी सांगावी लागणार नाही. १ ऑगस्ट २०२५ ला समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून गावात दगडफेक, जाळपोळ झाली, जमावबंदी लागली. हातातला फोन गावात काय करू शकतो ते आपण पाहिले. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून आपल्या एका तरुणाचा जीव घेतला गेला, तेही आपल्या घरांत कुणी विसरलेले नाही. म्हणून लेकराला बाबासाहेबांची रिंगटोन लावू नको, असे मी म्हणणार नाही. पण कुठल्याही धर्माला, जातीला, महापुरुषाला शिवी देणारा मेसेज आला तर तो पुढे पाठवायचा नाही, स्टेटसला ठेवायचा नाही, मोठ्यांना दाखवायचा, हे फोन देतानाच समजावून सांगितले पाहिजे. सिम बापाच्या नावावर आहे. चौकशीला बापालाच बोलावणे येणार.

पोरींच्या बाबतीत माझी काळजी वेगळी आहे. शेजारच्या एका मुलीला अनोळखी मुलगा महिनाभर घाण मेसेज पाठवत होता. फोटो बनवून व्हायरल करीन म्हणत होता. ती आईला बोलली नाही. मी विचारले का, तर म्हणाली, "काकू, मम्मी फोन काढून घेईल, आणि पप्पा शाळा बंद करतील." तिची भीती खोटी नव्हती. आपल्यात अजून असे होते. चूक त्या मुलाची आणि शिक्षण बंद मुलीचे. नंतर तिच्या आईशी मी बोलले. मेसेज पुसले नव्हते म्हणून तक्रार करता आली.

असे काही घडले तर मेसेज पुसू नका, त्याचे फोटो काढून ठेवा, पैसे देऊ नका. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा. मुलांवरच्या कुठल्याही संकटात १०९८ आणि मन खचले असेल तर १४४१६ हे दोन्ही नंबर फुकट लागतात. तिन्ही नंबर लेकराच्या फोनमध्ये स्वतः बसून साठवा.

आमच्याकडे शेवटी बटणाचा फोन आला. मुलगी दोन दिवस बोलली नाही. अभ्यासाचे व्हिडिओ ती माझ्या फोनवर बघते, संध्याकाळी, मी भाकरी करताना, माझ्या शेजारी बसून. घेताना मी तिला एकच वचन दिले. फोनवर काहीही घडले आणि तिने येऊन सांगितले, तर आधी ऐकून घेईन, फोन काढून घेणार नाही, शाळेचे नावही काढणार नाही. तिच्या पप्पांकडूनही ते वदवून घेतले. परवा ती शाळेतून आली आणि म्हणाली, "मम्मी, एक सांगू? रागावू नको." चुलीवरचा तवा उतरवला आणि तिच्याजवळ बसले.