काचेच्या टाकीतील पोवळी



पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंगळाची अंगठी उभी राहते. बाभुळगावासारख्या, समुद्रापासून इतक्या दूरच्या गावी राहणाऱ्यांचा पोवळ्याशी संबंध सराफाच्या दुकानापलीकडे यावयाचा कोठून? परंतु अंगठीतले तांबडे पोवळे निराळे आणि समुद्रात बेटेच्या बेटे उभी करणारे दगडी पोवळे, म्हणजे दगडी प्रवाळ, निराळे. आज विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्याचा. घरच्या काचेच्या टाकीत खारे पाणी करून त्यात मासे, मऊ प्रवाळ आणि दगडी प्रवाळ एकत्र नांदविण्याचा छंद परदेशांत पुष्कळ वाढला आहे. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली समुद्रातले जिवंत खडक टाकीत ठेवून पाणी निर्मळ राखण्याची रीत लेखाने प्रसिद्ध केली. या छंदिष्टांना एक प्रश्न नेहमी पडतो. त्याच पाण्यात मासे जगतात, मऊ प्रवाळ फोफावतात, मग दगडी प्रवाळच का दगावतात? त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण ते केवळ टाकीपुरते नाही.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, प्रवाळ ही वनस्पती नव्हे. तो प्राणी आहे. तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान असे हजारो जीव एकमेकांस जोडून वसाहत करतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म एकपेशीय शैवाल बिऱ्हाड करून असते. हे शैवाल उन्हावर अन्न तयार करते व त्यातला मोठा वाटा घरमालकास देते. त्या बळावर प्रवाळ पाण्यातून चुना वेचून आपल्या पायाखाली दगड रचतो. उजेडात हे बांधकाम अंधारापेक्षा कितीतरी जलद चालते, हे थॉमस गोरो यांनी जमेकाच्या समुद्रात केलेल्या प्रयोगांतून १९५९ साली दाखवून दिले. आपल्या जिल्ह्यात वणीकडे जी चुनखडी भट्टीत भाजतात, तिचे आणि या दगडाचे मुख्य रसायन एकच, कॅल्शियम कार्बोनेट. मात्र वणीची चुनखडी प्रवाळांनी रचलेली नव्हे. ती आजच्या दगडी प्रवाळांच्या कुळाहून फार फार जुनी आहे.

आता नाजूकपणाचे मर्म पाहू. गवंड्याजवळ विटा आहेत पण चुना नाही, तर भिंत थांबते. प्रवाळाचेही तसेच आहे. त्याला कॅल्शियम हवे आणि कार्बोनेटही हवे, म्हणजेच पाण्याची क्षारता हवी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात कॅल्शियम सुमारे ४१० ते ४२० मिलिग्रॅम असते आणि मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम. समुद्र अफाट, म्हणून त्यातले कितीही वेचले तरी हिशेब मोडत नाही. शंभर-दोनशे लिटरच्या टाकीत मात्र प्रवाळ स्वतःच आपला कच्चा माल संपवितो. तो रोज थोडाथोडा भरून द्यावा लागतो. पुष्कळांची चूक येथे होते. आठवडाभर दुर्लक्ष करावयाचे आणि मग एका दिवसात सारी तूट भरून काढावयाची. क्षारतेने अशी एकदम उडी घेतली की फांद्यांची टोके पांढरी पडतात. कारण दगडावरचे जिवंत मांस कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ असते. पाणी उत्तमच असले पाहिजे असे नाही. ते काल होते तसेच आज असले पाहिजे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा दाखला घ्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उघड्या टाकीतले पाणी झपाट्याने आटते. आटते ते गोडे पाणी; मीठ मागेच राहते आणि खारटपणा वाढतो. म्हणून आटलेल्याच्या जागी खारे पाणी न घालता गोडे पाणी घालावयाचे, आणि तेही क्षार काढून टाकलेले, विहिरीचे जड पाणी नव्हे. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते प्रमाण ढळू द्यावयाचे नाही. टाकीतली उष्णता २५-२६ अंशांच्या जवळ राखावयाची. भर दुपारी चार तास वीज गेली, तर हे सारे गणित कोलमडते.

दुसरी गोष्ट शेजारपणाची. जागेवरून हलू न शकणारे जीव जागेसाठी लढल्यावाचून राहत नाहीत. कित्येक मऊ प्रवाळ पाण्यात विषारी द्रव्ये सोडतात. मोठ्या तोंडाचे दगडी प्रवाळ रात्री लांब दोऱ्या सोडून शेजाऱ्याला डंख करतात. म्हणून नव्या प्रवाळाभोवती निदान वीतभर जागा मोकळी ठेवतात, विषारी द्रव्ये शोषून घेण्यासाठी पाणी सक्रिय कोळशातून फिरवितात आणि प्रवाह खेळता राखतात.

तेव्हा रीत अशी ठरते. टाकी काही महिने मुरू द्यावी. नाजूक प्रवाळ सर्वांच्या शेवटी आणावा, आणि तोही बोटाएवढा एकच तुकडा. वेगळ्या भांड्यात ठेवून त्यावर कीड नाही ना ते पाहावे. आधी कमी उजेडात बसवून काही आठवड्यांत हळूहळू उजेडाकडे न्यावा. तेवढ्या काळात टाकीत दुसरा कोणताही बदल करू नये. नव्या सुनेला घर अंगवळणी पडण्यास जो अवसर द्यावा, तोच येथेही द्यावयाचा.

हे ऐकून कोणास नागपूर-मुंबईहून असा तुकडा आणण्याचा मोह झाला, तर त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून सर्व दगडी प्रवाळ आहेत. त्या कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीस बसविले आहे. समुद्रातून ते काढणे, विकणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला वाळका तुकडाही त्यातून सुटत नाही. परदेशी छंदिष्ट बहुधा टाकीतच वाढलेल्या प्रवाळाची फांदी मोडून नवे रोप करतात. आपल्याकडे मात्र प्रवाळाची जागा समुद्रातच.

आणि तो समुद्र आपलाच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, १९८७ साली जाहीर झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यात दगडी प्रवाळ आहेत. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव मिरविणाऱ्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावरही आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० साली हाजी अली व वरळी येथील प्रवाळ उचलून दुसरीकडे बसविले गेले, तेव्हा टाकीतल्या तुकड्याची जी काळजी तीच तेथेही घ्यावी लागली.

टाकीत उष्णता वाढली तर मालक पंखा लावतो. समुद्राला असा मालक नाही. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एका अंशाने अधिक तापून तसेच काही आठवडे राहिले, की प्रवाळ अंगातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. अशी जगभर पसरलेली चौथी लाट आल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरून दगड रचण्यास लागणारे कार्बोनेटही कमी करीत आहे. एका अंशाचा फरक आपल्या अंगाला कळतही नाही. परंतु ज्याने टाकीत एक बोटभर प्रवाळ वर्षभर जगविला आहे, त्याला त्या एका अंशाची किंमत विचारावी. तेवढी जाण समुद्र न पाहिलेल्या माणसालाही येऊ शकते, आणि तिची आज समुद्राला गरज आहे.