उपग्रहाची तबकडी आणि अंगणातील चिंच

बालाघाटच्या डोंगररांगेतील कित्येक शेतवस्त्यांवर मोबाईलच्या मनोऱ्याच्या लहरी पोहोचत नाहीत. अशा ठिकाणी उपग्रहामार्फत इंटरनेट घेण्याचा विचार होऊ लागला आहे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले. त्यात शेजारच्या धाराशिवचे नाव होते, बीडचे नव्हते. सेवा येईल तेव्हा येवो, परंतु जागेची पाहणी आजही करता येण्याजोगी आहे. अडचण बहुधा झाडांचीच असते.

टीव्हीची छत्री जेथे चालते तेथे इंटरनेटची तबकडीही चालेल, ही समजूत बरोबर नव्हे. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असून तो पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने स्थिर भासतो. बीडहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर असतो. तेवढी एक फट मोकळी असली म्हणजे भागते. स्टारलिंकचे उपग्रह मात्र सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून धावतात; एक दूर गेला की तबकडीला दुसरा धरावा लागतो. त्यामुळे वरचे विस्तीर्ण आकाश मोकळे लागते. फांदी आड आली की जोडणी काही क्षण तुटते व पुन्हा लागते. मुलांचा अभ्यास किंवा डॉक्टरांशी बोलणे चालू असताना हे फार जाचक होते.

जागा तपासण्याची युक्ती सोपी आहे. तबकडीच्या नियोजित जागी, तेवढ्याच उंचीवर डोळा ठेवावा. सोबत्याने दोन हात अंतरावर, डोळ्याच्या पातळीपासून वर एक हात काठी उभी धरून चोहोबाजूंनी फिरावे. काठीच्या टोकावर जे झाड दिसेल ते अडथळा समजावे. उदाहरणार्थ, चिंच ४० फूट उंच आणि तबकडी १० फुटांवर असेल, तर दोहोंत किमान ६० ते ६५ फूट अंतर हवे. फ्री डिशच्या छत्रीस तेथे १८ फूट पुरतात. ही पाहणी पावसाळ्यात करणे इष्ट. फाल्गुनातील उघडा लिंब पाहून जागा ठरविल्यास चैत्रपालवीबरोबर अडथळा उभा राहतो. भिजलेली पाने तर लहरी अधिकच शोषतात.

झाड आड आले म्हणून कुऱ्हाड उचलण्याचे कारण नाही. आंबा, चिंच इत्यादी झाडे तोडण्यास १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे परवानगी लागते. शिवाय चिंचेचे उत्पन्न घरात येत असते. आधी तबकडी हलवावी. गोठ्यापलीकडची मोकळी जागा किंवा विहिरीचा काठ पाहावा. तेथेही न जमल्यास लोखंडी खांब उभारावा. माळवदावर मात्र खांब रोवू नये. छत गळू लागते. तो जमिनीत काँक्रीट घालून पक्का करावा. वळवाच्या दिवसांत या भागात विजा पडतात, म्हणून खांबास भूसंपर्क तार जोडावी, आणि गडगडाट सुरू होताच यंत्राची वीजजोडणी काढून ठेवावी.