एआयसाठी कॉम्प्युटर घेताय? आधी काम ठरवा, मग ग्राफिक्स कार्डची मेमरी बघा



व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून इथे नीट लिहून देतोय. सेलू, जिंतूर, मानवत, गंगाखेड, सगळीकडून सध्या एकच प्रश्न येतोय: "सर, एआयचं काम सुरू करायचंय, कोणता कॉम्प्युटर घेऊ?" कुणाचा फोटो स्टुडिओ आहे, कुणाचं डीटीपी सेंटर, कुणी यूट्यूबवाल्यांना सबटायटल करून देणार आहे. बरेच जण मुद्रा लोन काढून मशीन घ्यायच्या विचारात आहेत. हप्ता तुम्हालाच भरायचा आहे, म्हणून दुकानाची पायरी चढायच्या आधी हे वाचा.

१. तुम्हाला हे मशीन लागतं का?

चॅटजीपीटी, जेमिनी, कॅनव्हा हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं. खरं काम कंपनीच्या सर्व्हरवर होतं, तुमच्या टेबलावर नाही. त्यासाठी १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप भरपूर झाला.

स्वतःचं मशीन तीन कारणांसाठी घ्यावं: गिऱ्हाइकाचे फोटो किंवा कागदपत्रं बाहेर पाठवायची नाहीत, नेट गेलं तरी काम थांबायला नको, किंवा काम रोजचं आणि इतकं आहे की ऑनलाइनचे पैसे जास्त होतात. यातलं एकही लागू नसेल तर पैसे वाचवा.

२. ग्राफिक्स कार्डच का?

प्रोसेसर म्हणजे हुशार मुकादम आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे जीपीयू, ही कापूस वेचणाऱ्यांची टोळी समजा. मुकादम कितीही हुशार असला तरी दहा एकर एकटा वेचणार नाही. एआयमध्ये सोपे गुणाकार-बेरजा असतात, पण अब्जावधी. तिथं हात जास्त लागतात.

ही कल्पना आपल्या महाराष्ट्रात जुनीच आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' हा सुपरकॉम्प्युटर केला, तो अनेक प्रोसेसर एकत्र जोडूनच. त्याच सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर २०२० मध्ये जगात ६३ वा आला, तो एनव्हिडियाच्या जीपीयूंवर चालतो. आपल्याला तेवढं नको, एक कार्ड बस्स. पण कोणतं?

३. खरा आकडा: व्हीरॅम

कार्डाच्या स्वतःच्या मेमरीला व्हीरॅम म्हणतात. मॉडेल त्यात मावलं तर झपाट्याने चालतं, नाही मावलं तर रखडतं किंवा चालतच नाही.

हिशोब सोपा आहे. ८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल मूळ १६ बिटमध्ये १६ जीबी जागा घेतं. तेच दाबून ४ बिटचं केलं की साधारण ४ जीबी. वर एक-दोन जीबी मोकळी ठेवा.

- ८ जीबी कार्ड: ७-८ अब्जांची दाबलेली मॉडेल.
- १२ जीबी: १४ अब्जांपर्यंत दाबलेली. बोललेलं लिहून देणाऱ्या 'व्हिस्पर'च्या मोठ्या मॉडेलला सुमारे १० जीबी लागते, तेही यात बसतं. व्हिस्परला मराठीही येतं.
- १६ जीबी: वरचं सगळं, शिवाय फोटो बनवण्याचं काम आरामात.
- २४ जीबी: ३० अब्जांच्या आसपासची. रोजचं मोठं काम हातात असेल तरच.

आता गंमत बघा. आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबीचं कार्ड मिळतं आणि त्यानंतर आलेल्या ४०६० मध्ये ८ जीबी. ५०६० टीआय तर ८ आणि १६, दोन्हीत येतं. नंबर मोठा म्हणजे कार्ड मोठं असं नसतं. कोटेशनवर 'किती जीबी' हे लिहूनच घ्या. रॅम पुढे वाढवता येते, व्हीरॅम वाढवता येत नाही.

एनव्हिडियाच का? कारण बहुतेक फुकटची एआय सॉफ्टवेअर आधी तिच्या 'कुडा'वर चालतात. एएमडीवरही काम होतं, पण जुळवाजुळव जास्त.

४. बाकीचं सामान

रॅम ३२ जीबी, एनव्हीएमई एसएसडी १ टीबी, प्रोसेसर मधला चालेल. पण एसएमपीएसमध्ये काटकसर नको. ३०६० कार्ड एकटंच १७० वॅट घेतं, त्याला चांगल्या कंपनीचा किमान ५५० वॅटचा एसएमपीएस लावा.

आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. कार्ड तापलं की स्वतःच वेग कमी करतं. हवेशीर कॅबिनेट घ्या, पत्र्याखाली ठेवू नका, धूळ महिन्यातून एकदा काढा. अर्थिंग तपासून घ्या. यूपीएस घेताना व्हीए नाही, वॅट बघा.

५. हप्त्याचा हिशोब

समजा मशीन १,२०,००० रुपयांचं आहे आणि कर्ज १२ टक्क्यांनी ३ वर्षांचं. हप्ता सुमारे ३,९८६ रुपये. ४०० वॅट, रोज ६ तास, २६ दिवस म्हणजे ६२ युनिट. १२ रुपये युनिट धरलं तर ७५० रुपये. म्हणजे महिन्याला जवळपास ४,७४० रुपये. एका व्हिडिओच्या सबटायटलमागे ३०० रुपये उरत असतील, तर १६ व्हिडिओ फक्त मशीनसाठी. सतराव्यापासून तुमची कमाई. एवढी ऑर्डर आहे का? स्वतःचे आकडे टाकून बघा.

नसेल तर आधी गूगल कोलॅबवर करून बघा. तिथे मर्यादित वेळ १६ जीबीचं टी४ कार्ड फुकट मिळू शकतं. फक्त गिऱ्हाइकाच्या फाइल टाकू नका, स्वतःच्या नमुन्यावर चाचणी घ्या.

घ्यायचं ठरलं तर तीन दुकानांचं कोटेशन घ्या आणि पक्कं बिल मागा. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी असतो. तुम्ही नियमित नोंदणीत असाल आणि बिल धंद्याच्या जीएसटी नंबरवर असेल तर तो इनपुट क्रेडिटमध्ये मिळू शकतो, कंपोझिशनमध्ये मिळत नाही. जुनं कार्ड बिलाशिवाय घेतलं तर क्रेडिटही गेलं आणि वॉरंटीही.

तुमचं काम काय आणि महिन्याला किती, एवढं व्हिडिओखाली लिहा. कार्ड कोणतं, हे मग दोन मिनिटांत ठरेल.