डब्यातली निवळी

१ किलो चीज करायला साधारण १० लिटर दूध लागतं आणि मागे सुमारे ९ लिटर हिरवट-पिवळसर पाणी उरतं. हीच निवळी, इंग्रजीत व्हे. पाश्चात्त्य देशांतल्या चीज कारखान्यांना तिची विल्हेवाट लावणं जड जायचं. ती डुकरांना पाजत, शेतात सोडत, नाहीतर थेट नदीत. निवळी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. १९७०च्या दशकात अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळण्या कारखान्यांत आल्या. पाणी, क्षार आणि लॅक्टोज (दुधातली साखर) त्यांतून निघून जातं, प्रथिनं मागे राहतात. ती गरम हवेत फवारून वाळवली की व्हे प्रोटीन पावडर तयार होते.

घरी पनीर केल्यावर उरणाऱ्या पाण्यात मात्र ही प्रथिनं थोडीच असतात. दूध उकळल्यामुळे त्यांतली बरीचशी पनीरलाच चिकटतात.

गाईच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. केसीन पोटात गोठून सावकाश पचतं, व्हे लवकर पचतं. शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत अशी नऊही अमिनो आम्लं व्हेमध्ये असतात. त्यांतलं ल्युसीन स्नायूंच्या बांधणीला चालना देतं आणि ते व्हेमध्ये भरपूर असतं. पण व्यायामाशिवाय नुसत्या पावडरीने दंड भरत नाहीत.

मग गरज किती? भारतीय शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची आहार मार्गदर्शिका सांगते, की वजनं उचलणाऱ्यांनाही दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंसाठी जादा फायदा होत नाही. २ अंड्यांत १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ आणि ५० ग्रॅम सोया वड्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. कोल्हापूरच्या तालमींतले मल्ल पिढ्यानपिढ्या दूध आणि बदामाची थंडाई पिऊन घडले. ज्याला जेवणातून ही गरज भागवणं जमत नाही, त्याच्यासाठी पावडर ही सोय आहे.

खरी काळजी डब्यावरच्या आकड्याची घ्यायला हवी. प्रथिनं मोजण्याची रूढ पद्धत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत शोधली. तीत नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब करतात. नायट्रोजन कुठून आला, हे तिला कळत नाही. चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून मेलॅमाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळलं गेलं. २००८ मध्ये हे उघड झालं, तोवर सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली होती, सहा दगावली. पावडरीत ग्लायसीन किंवा टॉरीनसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळली, तरी आकडा असाच फुगतो. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ७० टक्के पावडरींवर प्रथिनांचं प्रमाण चुकीचं छापलं होतं आणि काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष सापडलं.

म्हणून डबा घेताना घटकांची यादी वाचावी. पहिलं नाव व्हे कॉन्सन्ट्रेट किंवा आयसोलेटचं असावं. ८० टक्क्यांच्या कॉन्सन्ट्रेटच्या ३० ग्रॅममधून २४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. आयसोलेटमध्ये प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असतं. घटकांत ग्लायसीन वेगळं लिहिलेलं दिसलं तर डबा परत ठेवावा. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक पाहावा आणि त्या बॅचचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल मागावा.

दूध पिऊन पोट फुगणाऱ्यांना आयसोलेट सहसा सोसतं, कारण त्यात लॅक्टोज अगदी कमी असतं. दुधाची अॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र व्हे पूर्ण टाळावं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर सुरू करू नये. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल, तर मूत्रपिंड नीट आहे ना हे कळण्यासाठी आधी रक्तातलं क्रिएटिनीन तपासून घ्यावं.